बुधवारचं बदक आणि थंड तवा

बुधवार म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या घरात वशाटाचा वार. रविवार, बुधवार, शुक्रवार हे तीन वार असे अंगात मुरलेत की फ्रान्समध्ये तुलूजला येऊन सहा वर्षं झाली तरी बुधवारी वरणभात समोर आला की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. पण पावणेसातला घरी पोचायचं आणि मग कांदा-खोबरं भाजा, वाटण वाटा, मटण शिजवा, हे सगळं होऊन ताटं घ्यायला साडेनऊ होणार आणि लेकीला तर साडेआठला झोप लागते. म्हणून आमच्याकडे बुधवारी बदक असतं, पाऊण तासात होतं आणि अचानक कोणी जेवायला आलं तरी पानात इतकं देखणं दिसतं की दुसरं काही करावंच लागत नाही.

हे मला शिकवलं खालच्या मजल्यावरच्या मादामनी. वय पंच्याहत्तरच्या पुढे, मूळच्या जेर्स भागातल्या, म्हणजे तुलूजच्या पश्चिमेचा गॅस्कनीचा मुलूख, जिथे माणसांपेक्षा बदकंच जास्त असं त्याच सांगतात. आम्ही नवीन होतो तेव्हा मी व्हिक्टर ह्यूगो मार्केटमधून बदकाच्या छातीचा मोठा तुकडा आणला होता, त्याला इथे माग्रे म्हणतात, एक साधारण साडेतीनशे-चारशे ग्रॅमचा, दोघांना पुरतो. मी आपली सवयीने तेल कडकडीत तापवलं आणि तुकडा टाकला. दोन मिनिटांत घरभर धूर, वरची कातडी काळी आणि तिच्या खालची चरबी तशीच पांढरी, रबरासारखी. ते जेवण आम्हाला टाकून द्यावं लागलं आणि मला फार वाईट वाटलं, कारण मांस टाकणं हे माझ्या आईने आयुष्यात केलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात मादाम आमच्या किचनमध्ये आल्या. माझ्या हातातली तेलाची बाटली घेऊन शांतपणे बाजूला ठेवली. मग थंडगार पॅनमध्ये, शेगडी बंद असताना, कातडीची बाजू खाली करून तुकडा ठेवला आणि त्यानंतर शेगडी सुरू केली, तीही मध्यमपेक्षा कमी. आणि मला म्हणाल्या, आता हात लावायचा नाही.

आपला हात फोडणीचा असतो ना, तेल तापलं पाहिजे, मोहरी तडतडली पाहिजे, सतत परतलं पाहिजे. इथे सगळं उलटं. पहिली तीन मिनिटं काही आवाजच येत नाही. मग बारीक चुरचुर सुरू होते, पत्र्यावर पावसाची भुरभुर असते तशी, आणि कडेने पारदर्शक चरबी पाझरायला लागते. तेव्हा मला एकदम कोल्हापूर आठवलं. मटण आणताना आई सांगायची, थोडी चरबी घालायला सांग, आणि पातेल्यात आधी ती वितळवून त्यातच कांदा टाकायची. म्हणजे गोष्ट नवीन नव्हतीच, मीच इथे येऊन विसरले होते.

तर कृती अशी. तुकडा फ्रिजमधून काढल्या काढल्या, गार असतानाच, कातडीवर सुरीने शंकरपाळ्यासारख्या तिरक्या चिरा द्यायच्या, फक्त चरबीपर्यंत, मांसाला सुरी लागू द्यायची नाही. कागदाने कोरडा करून दोन्ही बाजूंनी मीठ, आणि वीस मिनिटं बाहेर ठेवायचा. मग थंड पॅन, कातडी खाली, दहा-बारा मिनिटं. चरबी साठली की काढून वाटीत ओतत राहायची. कातडी बदामी आणि कुरकुरीत झाली की उलटायचा आणि मांसाची बाजू तीन-चार मिनिटं. मग ताटलीत काढून वर फॉइल सैल टाकून पाच-सात मिनिटं विसावू द्यायचा, ही मिनिटं अजिबात खायची नाहीत, नाहीतर कापताना सगळा रस पाटावर जातो. तिरक्या चकत्या कापल्या की आतून गुलाबी दिसल्या पाहिजेत. लहान मुलांसाठी आणि गरोदर बाईसाठी मात्र मी पूर्ण शिजवते, लेकीच्या चकत्या परत पॅनवर टाकते.

बदक असं गुलाबी खायची पद्धत फार जुनी नाही बरं का. आधी छातीचा भागही तंगडीसारखाच चरबीत मुरवून ठेवायचे. जेर्समधल्याच ओश गावातल्या हॉटेलचे शेफ आंद्रे दागँ यांनी 1960 च्या सुमाराला तो स्टेकसारखा भाजून वाढायला सुरुवात केली आणि मग सगळ्या फ्रान्सने उचललं. ते 2019 ला गेले. मादाम त्यांचं नाव आपण गावातल्या थोरामोठ्यांचं घेतो तसं घेतात.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. माग्रे हे नाव फक्त फ्वा ग्रासाठी, म्हणजे भरवून फुगवलेल्या यकृतासाठी, वाढवलेल्या बदकाच्या छातीलाच लावतात, आणि त्या बदकांना नळीने मका भरवतात. मला ते पटत नाही. मादामशी यावर बोलणं झालंय, त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या तेच चालत आलं, मी वाद घातला नाही. पण मी आता फिले द कानेत घेते, साध्या लहान बदकाचा तुकडा, माणशी एक. चरबी पातळ असते, सात-आठ मिनिटांत कातडी होते आणि दुसरी बाजू दोनच मिनिटं.

सॉस माझा स्वतःचा आहे. इथे मध आणि व्हिनेगर घालतात, मी आमसूल घालते, सामानातून आणलेलं. चार आमसुलं अर्धी वाटी गरम पाण्यात भिजवायची. पॅनमध्ये चमचाभरच चरबी ठेवून एक छोटा कांदा बारीक चिरून परतायचा, ते पाणी, दोन छोटे चमचे मध, भरड मिरपूड, ताटलीत साठलेला रस, दाट झालं की गॅस बंद करून लोण्याचा तुकडा. रंग येतो अगदी गडद जांभळट. मादामनी पहिल्यांदा चाखलं तेव्हा बोट पुसून घेतलं ताटलीवरून, आणि विचारलं की हे फळ कुठल्या झाडाचं.

काढलेली चरबी गाळून बरणीत. सोबत उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या त्यातच लसूण घालून लाल करायच्या, वर पार्सली, सार्ला गावाकडे असेच करतात, फक्त बटाटे कच्चेच घेतात.

जूनमध्ये सासूबाई आल्या होत्या. ताटातल्या गुलाबी चकत्या बघून म्हणाल्या, "अगं, कच्चं राहिलंय हे." मी काही बोलले नाही, त्यांच्या चकत्या पूर्ण भाजून दिल्या, त्यांनी सॉस दोनदा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर किचनमध्ये मिरची-लसणाचा वास, आणि सासूबाई फ्रिजमधली ती बरणी उघडून, चमचाभर चरबीवर ठेचा परतत उभ्या.