नेरूळहून खांदेरी-उंदेरी: रविवार नव्हे, तिथी बघून

अलिबागजवळच्या थळसमोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी ही दोन किल्ल्यांची बेटं आहेत. खांदेरीला जायचं म्हटलं की लोक आधी रविवार बघतात आणि मग होडी शोधतात. आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या ग्रुपवरही तेच सुरू झालं. कुणाला मुलांच्या परीक्षेनंतर हवं, कुणाला पगार झाल्यावरचा रविवार. तळमजल्यावरच्या काकूंचं माहेर थळचं. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या दिवशी तिथी काय आहे?" आणि चर्चा मार्गाला लागली.

हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. चौदा पाऊणे साडेदहा, म्हणजे चतुर्दशीला साडेदहाच्या सुमारास पाणी भरलेलं. अष्टमीला भरती सहाला आणि ऐन दुपारी बाराला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. थळला होड्या रेतीला लागतात. पाणी ओसरलं की तिथेच बसतात आणि मग पुढचं पाणी चढेपर्यंत तुम्हीही बसता. म्हणून सकाळी निघून दुपारी जेवायला किनाऱ्यावर यायचं असेल तर द्वादशी ते पौर्णिमा किंवा अमावास्या हे दिवस सोयीचे. यात एक मेख आहे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी सौम्य, पण वेळ अडचणीची. आम्ही मधला मार्ग म्हणून त्रयोदशी धरली, तेरा पाऊणे पावणेदहा. ती शुक्रवारी आली. दोघांनी रजा टाकली, दोघे गळाले. चालायचंच.

ही ढोबळ वेळ भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याशी ताडून घ्या. निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा उंच लाटांचा इशाराही बघा. नवी मुंबईकरांना फुकटात शिकायची आणखी एक जागा म्हणजे वाशीचा खाडीपूल. रोज ठरावीक लोकल पकडत असाल तर खिडकीतून बघा: आज चिखल उघडा आहे, तर त्याच वेळी आठवड्याने पाणी असेल. भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. आठवडाभर हे बघितलं की तक्ता समजावून सांगावा लागत नाही.

मोसम म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात विचारूच नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते आणि नारळी पौर्णिमेनंतरही दर्या लगेच शांत होत नाही.

नेरूळहून आम्ही पहाटे पाचच्या आत निघालो. पळस्पे, कर्नाळा, पेण, वडखळ, मग अलिबागची दिशा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट रो-रो बोटीने जाता येतं, पण नेरूळवाल्याने मांडव्याला जाण्यासाठी आधी मुंबईत शिरायचं हा उलटा घास आहे. अटल सेतूचा टोल, रो-रोचं भाडं आणि तिच्या वेळा धरल्या तर रस्ताच बरा. पनवेलहून अलिबागची एसटी आहे. अलिबागहून थळ जवळ, रिक्षा मिळते. वडखळ मात्र सहा-साडेसहाच्या आत मागे टाका. नाश्ता पुढे करा.

होडी आदल्या आठवड्यात फोनवर ठरवा. भाडं अख्ख्या होडीचं असतं, डोईमागे नाही. भाव करण्यापेक्षा तीन गोष्टी स्पष्ट करून घ्या: बेटावर किती वेळ थांबणार, उंदेरीचा फेरा यात धरलाय का, आणि माणसं तितकी लाइफ जॅकेटं आहेत का. खांदेरी मुंबई बंदर प्राधिकरणाच्या ताब्यात आहे, तेव्हा परवानगीचं काय हेही त्याच फोनवर विचारा. आम्हाला एकाने "जॅकेट कशाला, दर्या शांत आहे" असं सांगितलं. आम्ही दुसरा बघितला. दुसऱ्या तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्याने, किनाऱ्यावरच प्रत्येकाच्या पट्ट्या स्वतः ओढून बघितल्या आणि लहान मुलाच्या जॅकेटची पट्टी पायांमधून घेऊन बांधली. माणूस पारखायचा तो असा.

ज्यांना बोट लागते त्यांनी अव्होमिनची गोळी होडीत बसल्यावर नाही, निघण्यापूर्वी एक-दोन तास घ्यायची. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. होडीत बसताना गुडघाभर पाण्यातून जावं लागतं, तेव्हा जीन्स घालणारे दिवसभर ओल्या जीन्समध्ये वावरतात.

खांदेरीला धक्का आहे, दोन टेकड्यांच्या मधल्या खळग्यात. दीपगृहाचे कर्मचारी सोडले तर बेटावर वस्ती नाही. दुकान नाही, पिण्याचं पाणी मिळेल या भरवशावर जाऊ नका. माणशी दोन लिटर पाणी, दशम्या, कोरडी चटणी, संत्री, आणि सगळा कचरा परत आणायला एक जाड पिशवी. धक्क्याजवळ वेताळाचं देऊळ आहे. आत पांढऱ्या रंगाने रंगवलेली मोठी शिळा. कोळ्यांचा हा जागता देव. आमच्या तांडेलाने आधी नारळ फोडला, मगच "आता फिरा" म्हणाला.

तटावरून पूर्ण चक्कर मारा. महाराजांनी १६७९ च्या पावसाळ्यात आपल्या आरमारातल्या मायनाक भंडाऱ्याला इथे पाठवून बांधकामाला हात घातला. मुंबईच्या तोंडावर किल्ला उभा राहतोय म्हटल्यावर इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही चालून आले, तरी काम थांबलं नाही. इंग्रजांची जहाजं मोठी, वाऱ्यावर अवलंबून. मराठ्यांच्या लहान, वल्ह्यांच्या होड्या उथळ पाण्यातून रात्री रसद पोचवत. हे पुस्तकात वाचलेलं होतं. पण भरती-ओहोटीचा हिशेब करून त्याच पाण्यातून आल्यावर रसदीच्या त्या होड्यांना काय काय सांभाळावं लागलं असेल ते तटावर उभं राहून कळतं. तटाखाली समुद्रात दगड पसरलेत, त्यांवर कालवं वाढली आहेत. एकदा बोट लावून बघा, पात्यासारखी धार आहे. अनवाणी उतरणाऱ्याची तिथेच गत झाली असती.

लोखंडी चाकांच्या गाड्यावरच्या तोफा इथे अजून आहेत, त्यांवर मुलांना बसवून फोटो काढू नका. वाटेवर एक मोठा धोंडा आहे, त्यावर लहान दगडाने टकटक केलं की पितळी भांड्यासारखा नाद येतो. सगळीकडून येत नाही. घाव पडून पांढुरक्या झालेल्या जागा शोधायच्या. दीपगृह १८६७ चं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत खांदेरी आहे. त्यामुळे गर्दी वाढणार, हेही मनात धरा.

उंदेरी सिद्दीने १६८० मध्ये बळकावली आणि खांदेरीला शह म्हणून तटबंदी केली. ती थळच्या जास्त जवळ, पण उतरायला अवघड. धक्का नाही. होडी खडकाला टेकवून, लाट वर उचलेल त्या क्षणी उडी मारायची. उतरलात तर तोफा आणि पाण्याची टाकी आहेत, बाकी रान माजलेलं. त्या दिवशी वायव्येचा वारा अकरालाच उठला. तांडेलाने दोनदा होडी जवळ नेली, लाट बघितली आणि मान हलवली. आमच्यातला एक जण "आम्ही तरुण आहोत, मारतो उडी" म्हणून अडून बसला. तांडेल म्हणाला, "दादा, उतरवीन मी. परत कसा घेऊ?" बेटाला वळसा घालून परतलो. उंदेरीचा हट्ट धरणार असाल तर फेरा उलटा करा: वारा शांत असताना सकाळी आधी उंदेरी, मग खांदेरी. तेव्हाही शेवटचा शब्द तांडेलाचा.

दीडच्या आत थळला जेवायला बसलो. जेवणाचं सकाळीच सांगून ठेवा, नाहीतर मासळी संपलेली असते. चारपर्यंत वडखळ ओलांडलं तर सहा-साडेसहाला नेरूळ. रविवारी निघालात तर या वेळेवर विसंबू नका. आणि अॅडव्हान्स देताना "दर्या खवळला तर पैसे परत की दुसरी तारीख" हे मेसेजमध्ये लिहून घ्या.