तुम्ही विचारलंत म्हणून: कंपन्यांच्या बोर्डासाठी, म्हणजे संचालक मंडळासाठी, ‘लायक बायका’ खरंच मिळत नाहीत का?

मिळतात. पण शोध केव्हा सुरू केलात आणि कागदावर काय मागितलंत, हे आधी पाहावं लागतं.

२०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १४९नुसार प्रत्येक सूचीबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपनीच्या संचालक मंडळावर किमान एक महिला हवी. १०० कोटींचं भरणा झालेलं भागभांडवल किंवा ३०० कोटींची उलाढाल असलेल्या बाकीच्या पब्लिक कंपन्यांनाही तेच लागू. ती महिला स्वतंत्र संचालक, म्हणजे कंपनी आणि तिच्या मालकांशी नातं किंवा हितसंबंध नसलेली, असावी अशी अट मात्र नव्हती. मग प्रवर्तकाची, म्हणजे कंपनी उभारणाऱ्या मालकाची, बायको, सून नाहीतर मुलगी आली आणि रकाना भरला. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने १ एप्रिल २०१९पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या ५०० आणि वर्षभराने पहिल्या १००० कंपन्यांना स्वतंत्र महिला संचालक सक्तीची केली. त्याखालच्या कंपन्यांत ही पळवाट अजून आहे.

खरी गाळणी लागते ती नामनिर्देशन समितीच्या, म्हणजे संचालकांची नावं सुचवणाऱ्या बोर्डाच्या समितीच्या, पहिल्या कागदावर. ‘माजी एमडी किंवा सीईओ, आधी बोर्डावर काम केलेला’ एवढं लिहिलं की बहुतेक बायका तिथेच गळतात, कारण त्या पदांवरच त्या कमी. मग उरलेली तीच चार नावं सगळीकडे फिरतात आणि सूचीबद्ध कंपन्यांसाठीच्या सात पदांच्या मर्यादेला टेकतात. त्याऐवजी बोर्डात कोणती कौशल्यं हवीत आणि ती कोणाकडे आहेत, हे दाखवणारा तक्ता वार्षिक अहवालात छापावा लागतो, तो काढा. त्यात सायबर सुरक्षा, करव्यवहार, कारखान्याचं कामकाज यांपैकी जे रिकामं असेल, ते मागा. वित्तप्रमुख, कारखानाप्रमुख, सीए फर्ममधल्या भागीदार, निवृत्त सनदी अधिकारी अशी यादी आपोआप लांबते. स्वतंत्र संचालकांची सरकारी डेटाबँकही आहे, पण तिथे नाव असणं म्हणजे पारख झाली असं नव्हे.

दुसरा घोळ तारखांचा. स्वतंत्र संचालकाला पाच-पाच वर्षांच्या सलग दोनच मुदती मिळतात, म्हणजे शेवटचा दिवस आधीपासून माहीत असतो. मुदत संपल्यामुळे नियम मोडणार असेल, तर जागा त्याच दिवसापर्यंत भरावी लागते. राजीनाम्यानंतर तीन महिने मिळतात. नाहीतर दंड, रोज ५,००० रुपये. तरी शोध सुरू होतो शेवटच्या महिन्यात, आणि घाईत फोन जातो तो ओळखीतच. ही ओळख बहुधा पुरुषांची पुरुषांशी असते. निदान नऊ महिने हाताशी ठेवा. भागधारकांचा विशेष ठरावही लागतो, त्याला तीन चतुर्थांश मतं हवीत.

आणि नेमणूक झाल्यावर तिला फक्त सीएसआर (कंपनीच्या सामाजिक कामांच्या) समितीत बसवू नका. कंपनीच्या हिशोबांवर लक्ष ठेवणाऱ्या लेखापरीक्षण समितीत जागा द्या. पुढच्या कंपनीची समिती तिच्या माहितीपत्रात तेच शोधते.