कच्चा लिंबू आणि एक मे महिना

परवा दुपारी पाचच्या सुमारास भाजी घेऊन येत होते तर सोसायटीच्या गार्डनमध्ये (गार्डन म्हणजे दोन झोपाळे, एक घसरगुंडी आणि खाली हिरवं रबर) नवा बोर्ड लागलेला. 'फक्त ३ ते १० वर्षांच्या मुलांसाठी. आदेशावरून.' कोणाच्या आदेशावरून ते लिहिलेलं नाही, ते कधीच लिहीत नाहीत. आणि बोर्डाच्या बरोब्बर खाली, कोणाच्या तरी स्कूटरवर, बी विंगमधला मुलगा पाय हलवत बसलेला. म्हटलं काय रे, खेळत नाहीस? तर म्हणाला, "काकी, मला गेल्या महिन्यात अकरा झाली." पेन्शनीत निघालेला माणूस सांगतो ना, तसं सांगितलंन अगदी.

मग मोठी मुलं कुठे खेळतात? तर मागच्या गल्लीत टर्फ आहे, तासावर पैसे, संध्याकाळचे स्लॉट कॉलेजवाले घेऊन टाकतात. शिवाय याचा ड्रॉइंगचा क्लास 'ज्युनियर'मधून संपलाय आणि 'सिनियर'ची बॅच जूनमध्ये. मोबाइल सातनंतर. म्हणजे ह्या मुलाला सध्या जगात बसायला जागा म्हणजे ती स्कूटर.

आमच्या गिरगावातल्या चाळीत वय कोण विचारत होतं. सहापासून सोळापर्यंतची सगळी पोरं एकाच चौकात, एकाच डब्याभोवती. डबा ऐसपैस, विषामृत, लगोरी, सगळं एकत्र, फक्त चकायच्या (म्हणजे राज्य कोणावर ते ठरवायच्या) आधी कोणीतरी ओरडायचं, "ही कच्चा लिंबू हां!" झालं. मग तुम्ही खेळात आहात पण नाहीही. तुमच्यावर राज्य येत नाही, आऊट झालात तरी धरत नाहीत, बॅटिंग शेवटी आणि ती पण दोन बॉल. त्याबदल्यात एक काम मात्र ठरलेलं. तळमजल्यावरच्या काकूंच्या घरात बॉल गेला की आणायला कच्च्या लिंबूने जायचं, कारण मोठ्यांना त्या बॉल कापून द्यायच्या, अक्षरशः विळीवर, दोन भाग करून. मला कधी कापून दिला नाही. उलट एकदा साटोरी दिली, ती मी जिन्यात खाऊन मग बॉल नेला, तोपर्यंत वर बोंबाबोंब.

दुपारी एक ते चार मात्र आवाज बंद. मोठी माणसं झोपायची आणि आम्ही गॅलरीत पत्ते. आता विचार केला तर खरी वयाची शिडी तिथेच होती, पत्त्यांत. सगळ्यात लहान पोरांना भिकार-सावकार, त्यात डोकं लागतच नाही, नुसतं पान टाकायचं. मग गुलामचोर, त्यात चेहरा सरळ ठेवायला शिकायचं. बदाम सातला अडवून धरण्याचा दुष्टपणा आला की समजायचं पोर मोठं होतंय. पाच-तीन-दोन म्हणजे तर प्रमोशनच, तिघांतले एक, आणि मागच्या डावात हात कमी झाले की पुढच्या डावात समोरचा आपली चांगली पानं ओढून नेणार, हे उधारीचं गणित मला शाळेतल्या व्याजाच्या आधी कळलं. आणि मेंढीकोटला कोणी भिडू म्हणून घेतलं की विषयच संपला. त्यात आपण चुकलो तर दुसरा पण बुडतो. मी दहाव्या वर्षी हुकमाची दश्शी घालवली होती, तिसऱ्या मजल्यावरचा दादा दोन दिवस बोलला नव्हता माझ्याशी.

दहीहंडीला तेवढं सगळं उलटं व्हायचं, तिथे सगळ्यात चिंगळा पोरगा सगळ्यात वर. वर्षभर कच्चा लिंबू आणि एक दिवस बाळकृष्ण. आता चौदाच्या खालच्यांना थरांत घेत नाहीत, कोर्टात ठरलंय, आणि पडलेली पोरं बघितलीयत त्यामुळे बरंच झालं म्हणते मी.

तर १९८८. त्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर हॅरिस शील्ड ह्या शाळांच्या क्रिकेट स्पर्धेत शारदाश्रम शाळेच्या तेंडुलकर आणि कांबळीने ६६४ ची पार्टनरशिप केली. एक चौदा वर्षांचा, एक सोळा. म्हणजे आमच्या चाळीतल्या दादालोकांच्याच वयाचे! त्यानंतर जो मे महिना आला त्यात आमच्याकडे एकही पोरगा आऊट व्हायला तयार नव्हता. चौकाच्या भिंतीवर विटकरीने ६६४ लिहिलेलं, आणि रोज भांडणं, वन टप्पा होता की दोन, हात एक होता की दोन (एक टप्पा पडून एका हाताने धरला तरी आऊट ना). आणि त्याच मे महिन्यात मला अकरा झाली. एका संध्याकाळी मी मारला, गॅलरीच्या कठड्याला लागून आला, कोणीतरी एका हाताने धरला. मी बॅट धरून तशीच उभी. आता कोणीतरी म्हणणार 'सोड रे, कच्चा लिंबू आहे.' कोणी नाही म्हणालं. दादा म्हणाला, "आऊट. दे बॅट." मी घरी जाऊन रडले आणि रात्री झोपच येईना आनंदाने.

तेवढंच. गणपतीपर्यंत कसंबसं चाललं, मग आई म्हणाली आता पुरे, मोठी झालीस, काय पोरांबरोबर उंडारायचं ते. गंमत म्हणजे पोरांनी पण हाक मारणं बंद केलं, त्यांना कोणी सांगितलं होतं की त्यांचं त्यांना कळलं, देव जाणे. भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तो पुढे जाइल्स शील्डला शाळेकडून खेळला. मी वरून गॅलरीतून टप्पा एक की दोन ते सांगायचे. बरोबर सांगायचे. विचारलेलं नसायचं कोणी.

म्हणजे कच्चा लिंबू संपल्यापासून मोठी होईपर्यंत मधे माझ्या वाट्याला किती आलं, तर तीन-चार महिने, त्यातले पावसाचे वजा करा. आमच्या चाळीत बोर्ड नव्हता, हे मात्र खरं.

"काकी," तो स्कूटरवरचा म्हणाला, "वॉचमन चहाला गेलाय. पाच मिनिटं झोपाळ्यावर बसू?" म्हटलं बस. "तो आला की शिट्टी मारा."

मला शिट्टी येत नाही. चौकात मोठी पोरं शिकवायची एकमेकांना, माझा नंबर लागायच्या आत सगळं आटपलं. खोकेन म्हटलं, आणि कोथिंबिरीची पिशवी धरून गेटकडे तोंड करून उभी राहिले.