मोर्शीचा कालवा ते चिखलदऱ्याचा घाट : लांब पल्ल्याच्या सरावाचे चार दिवस

अमरावती शहरात रोजचे आठ-दहा किलोमीटर मैदानाला फेऱ्या मारून निघतात. पण जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी डिसेंबरमध्ये सलग पंचवीस-तीस किलोमीटर पळायचे म्हटले, की मैदान पुरत नाही आणि महामार्गावर ट्रकांच्या कडेने पळण्याची छाती होत नाही. म्हणून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवसांची रजा टाकून मी मोर्शी, चांदूर बाजार, परतवाडा आणि चिखलदरा या पट्ट्यात पळण्याजोगे रस्ते शोधत फिरलो. सोबत गावाकडचा पुतण्या होता. तो पोलिस भरतीची तयारी करतो, आणि लांब पळण्याच्या दिवशी मोटारसायकलवर पाणी घेऊन मागे राहायचे त्याने कबूल केले होते. या भागात सरावाला येऊ इच्छिणाऱ्यांना उपयोगी पडावे म्हणून जे पाहिले आणि जे चुकले, ते दोन्ही येथे लिहितो.

पहिला दिवस कालव्याचा. मोर्शीजवळ सिंभोरा येथे वर्धा नदीवर ऊर्ध्व वर्धा धरण आहे आणि तेरा दरवाजांच्या या धरणातून निघणाऱ्या कालव्याच्या काठाने मुरमाचा रस्ता जातो. लांब पल्ल्याच्या सरावाला कालव्याइतकी सोयीची वाट आमच्या वऱ्हाडात दुसरी नाही, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण कालव्याच्या बांधणीतच आहे. पाण्याने काठ खरवडू नयेत आणि तरीही ते दूरच्या शेतापर्यंत पोचावे म्हणून मुख्य कालव्याचा उतार काही हजार मीटरमागे एखाद्या मीटरइतकाच ठेवलेला असतो. पळणाऱ्याच्या पायांना तो जाणवतही नाही. त्यामुळे वेग मंदावला तर दोष चढाला देता येत नाही. शिवाय काठावर साखळीचे दगड रोवलेले असतात. काही आडवे पडले आहेत, काहींचा रंग उडाला आहे, तरी एक वाचता आला की पुढच्या अंतराचा हिशेब लागतो आणि घड्याळाकडे सारखे पाहावे लागत नाही.

या दिवसांत सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. आम्ही साडेसहाला, पायाखालचे नीट दिसू लागल्यावरच निघालो. पाण्यावरून धुके उठत होते आणि हाताची बोटे गारठली होती, परंतु चार किलोमीटरनंतर जाकीट काढून पुतण्याकडे द्यावे लागले. त्या दिवशी तेरा किलोमीटर जाऊन परत यायचे, म्हणजे एकूण सव्वीस, असे ठरवले होते. आणि वेग असा, की मोटारसायकलवरच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता यावे. लांब पळण्याची खरी कसोटी हीच आहे. धाप लागून शब्द तुटू लागले, की आपण सराव सोडून शर्यत पळू लागलो असे समजावे, आणि आमच्याकडचे बहुतेक नवे धावपटू दर रविवारी नेमके हेच करतात.

अठराव्या किलोमीटरला डाव्या टाचेखाली काहीतरी टोचू लागले. आधी खडा असेल असे वाटले म्हणून तसाच पळत राहिलो. मग बूट काढून आत बोट फिरवले, तर आतल्या बाजूने सुईसारखे टोक लागले. बाभळीचा दीड इंच लांबीचा पांढरा काटा मऊ तळातून सरळ वर आला होता. नखांनी धरून तो निघेना. अखेर गाडीच्या हत्यारांतली पक्कड लावून ओढला, तेव्हा निघाला. शेतकरी कुंपणासाठी बाभळीच्या काट्या तोडून बांधावरून ओढत नेतात आणि त्यांचे तुकडे मुरमात पडून राहतात. सध्या बाजारात असलेले जाड, मऊ तळाचे बूट डांबरी रस्त्यावर सुखाचे असतात, पण अशा वाटेवर जुने, कडक तळाचे जोड घालावेत आणि बरोबर एक लहान चिमटा ठेवावा.

डिसेंबरात गव्हा-हरभऱ्यासाठी कालव्याला पाणी सोडलेले असते. त्यामुळे काठावर जागोजागी इंजिने असतात आणि त्यांचे पाइप रस्त्यावर आडवे पडलेले असतात. अंधारात त्यांत पाय अडकून पडणारा मी पहिला नसेन. घामाने कितीही त्रासलो तरी हातपाय धुवायला कालव्यात उतरू नये. अस्तरीकरण केलेल्या काठावर शेवाळ असते, आणि वाहत्या पाण्यात उतरलेल्या माणसाला त्या उतारावरून वर येता येत नाही. रस्ता पाटबंधारे खात्याचा असल्याने चौकीदार भेटल्यास थांबून आपण कोण, कुठले आणि किती वेळ पळणार हे सांगावे. मला कोणी अडवले नाही, उलट परतीच्या वाटेवर एकाने टोपलीतली संत्री हातावर ठेवली. आंबिया बहराची तोड चालू असल्याने मोर्शी-वरुडच्या रस्त्यांवर मात्र पहाटेपासून संत्र्यांच्या गाड्या धावत असतात, आणि तेवढ्या एका कारणासाठी मी ते रस्ते सरावातून वगळले.

दुसऱ्या दिवशी आम्ही चांदूर बाजार तालुक्यातल्या आमच्या गावी होतो आणि मला पांदणीने, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेने, पळायचे होते. दोन्ही बाजूंना तुरी, पऱ्हाटी, मधून एखादी विहीर, वर कडुनिंबाची सावली अशी पांदण नकाशावर फार सुंदर दिसते. प्रत्यक्षात काळ्या मातीची तऱ्हा वेगळी आहे. तिच्यात चिकणमाती भरपूर असल्याने ती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. पावसाळ्यात बैलगाडी व ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या डिसेंबरात विटेसारख्या कडक होतात. चाकोरीच्या आत पळावे तर पाऊल तिरपे पडते, मधल्या उंचवट्यावरून पळावे तर गवताखालची भेग दिसत नाही. माझा घोटा वाचला, पण सहा किलोमीटरला पाऊण तासाहून अधिक लागला. त्यातच एका शेताचे ओलित पांदणीत फुटले होते. वीस पावलांत दोन्ही बुटांखाली शेर-शेर माती चिकटली आणि मी पायांत उखळ बांधल्यासारखा चालू लागलो. विहिरीवरच्या म्हाताऱ्या बाबांनी आधी चौकशी केली, "काहून पयता भाऊ, गाडी बंद पडली का?" आणि मग स्वतःच एक तुराटी मोडून बुटाखालची माती कशी खरवडायची ते दाखवले. पुढची वाट विचारल्यावर मात्र त्यांचा आवाज बदलला : "थ्या पांदनीनं नोका जाऊ, पुढं डुकराईसाठी तार लावेल हाय."

हे वाक्य या भागात पळणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे. रानडुकरे आणि रोही (नीलगायी) यांच्यापासून पीक वाचवण्यासाठी शेतांना तारा लावलेल्या असतात. पुष्कळांच्या तारा झटका मशीनच्या असतात, म्हणजे माणूस हादरतो पण वाचतो; परंतु काही ठिकाणी बेकायदा सरळ वीजपुरवठ्याचा प्रवाह सोडतात आणि त्यात दरवर्षी जनावरांबरोबर माणसेही मरतात. दोन्ही तारा दुरून सारख्याच दिसतात. म्हणून पांदणीवर उजाडण्यापूर्वी पळू नये, वाट सोडून धुऱ्याने, म्हणजे शेताच्या बांधावरून, जवळचा रस्ता काढू नये, आणि आदल्या संध्याकाळी गावात किमान एकाला तरी विचारून ठेवावे. मोबाइलवरचा नकाशा वाट दाखवतो, तार दाखवत नाही.

पांदणीने निराशा केली, पण गावाबाहेरच्या डांबरी जोडरस्त्याने सगळी भरपाई केली. पहाटे पाच वाजता तेथे दहा-बारा मुले आणि चार मुली पळत होत्या. मुलींच्या मागे एकीचा भाऊ गाडी घेऊन हळूहळू येत होता. पोलिस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, म्हणून मुलांनी टेपने मोजून रस्त्यावर चुन्याच्या रेघा मारल्या आहेत : ०, ४००, ८००, १६००. विदर्भातल्या कितीतरी गावांबाहेर अशा रेघा दिसतात. वेगाच्या सरावासाठी यापेक्षा चांगली सोय शहरात पैसे देऊनही मिळत नाही. मी तेथे १,६०० मीटरच्या पाच धावा केल्या, प्रत्येकीनंतर ४०० मीटर सावकाश. वेग अर्धमॅरेथॉनच्या वेगाहून किंचित अधिक, म्हणजे पाचवी धाव पहिलीइतक्याच वेळात पुरी व्हावी असा. पुतण्याला हे पटले नाही. तो आणि त्याचे सोबती रोज पहाटे १,६०० मीटर जीव तोडून पळतात, रोज वेळ घेतात, आणि महिन्याभराने नडगी दुखते म्हणून आठ दिवस घरी बसतात. आठवड्यातून दोनच दिवस जोरात पळावे आणि उरलेले दिवस सावकाश पाच-सहा किलोमीटर करावेत, असे मी त्याला सांगितले. त्याने "पाहू काका" म्हटले. म्हणजे तो ऐकणार नाही.

तिसरा दिवस घाटाचा, आणि या सहलीचा खरा हेतूही तोच होता. मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनमध्ये ४२.१९५ किलोमीटरपैकी पस्तिसाव्याच्या आसपास, अंगातली साखर संपत आलेली असताना, पेडर रोडचा चढ येतो. तो फार मोठा नाही. पण सपाटीवर सराव केलेल्या आमच्यासारख्यांचे पाय तेथेच बोलू लागतात. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर उंचीवर आहे आणि परतवाड्याची सपाटी त्याच्या सातशेहून अधिक मीटर खाली. परतवाड्याहून दोन रस्ते वर जातात. घटांगमार्गे जाणारा लांबचा आहे. मी धामणगाव गढीमार्गे जाणारा निवडला, घाटाच्या पायथ्याशी गाडी लावली आणि आठ किलोमीटर चढलो. चढावर घड्याळातला वेग पाहूच नये, श्वास पाहावा. पावले आखूड ठेवली, नजर पुढच्या वळणापेक्षा दहा हातांवर ठेवली, आणि ज्या टप्प्यावर पळण्यापेक्षा झपाझप चालणे स्वस्त पडते तेथे चाललो. त्यात कमीपणा काही नाही.

चूक झाली ती उतरताना. चढून झाल्याच्या आनंदात आठही किलोमीटर पाय मोकळे सोडून उतरलो. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार झेलतात, आणि सवय नसल्यास त्यांना बारीक इजा होते. दुखणे त्या दिवशी नव्हे, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येते. चौथ्या दिवशी लॉजच्या पायऱ्या मी कठडा धरून, उलटा तोंड करून उतरलो आणि दोन्ही अंगठ्यांची नखे काळी झाली होती. जाणाऱ्यांनी पहिल्या खेपेस दोन किलोमीटरच पळत उतरावे, पुढच्या खेपेस चार. थोड्या उताराची सवय झाली की तेच स्नायू पुढे बरेच सहन करतात. नखे आदल्या दिवशी कापावीत आणि बुटाची नाडी घोट्याशी घट्ट बांधावी, म्हणजे पाऊल पुढे सरकत नाही.

घाटात वेळेचे गणित सपाटीच्या उलट आहे. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये जाहीर झालेल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. वाघ सहसा माणसाला टाळतो, अस्वल मात्र अचानक समोर आले तर अंगावर येते. म्हणून घाटात पहाटे पळू नये. आठच्या पुढे, वाहतूक सुरू झाल्यावर, दोघांनी मिळून आणि कानात काही न घालता पळावे. जंगलातल्या पायवाटांकडे वळू नये आणि वनविभागाच्या नाक्यावर आधी विचारावे. पळताना समोरून येणाऱ्या गाड्या दिसाव्यात म्हणून उजवी बाजू धरावी, पण आंधळ्या वळणावर बाहेरच्या कडेला यावे. शनिवार-रविवार टाळावेत, पर्यटकांच्या गाड्या घाटात कशा चालतात हे मी सांगण्याची गरज नाही.

काही मित्र चिखलदऱ्याला उंचावरचा सराव म्हणतात. तसा फायदा साधारण दोन हजार मीटरच्या वर मिळू लागतो. येथे मिळतो तो गारवा आणि चढ. पठारावर चौथ्या दिवशी गाविलगडाकडे पाच किलोमीटर जेमतेम चाललो. हा किल्ला १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने नागपूरच्या भोसल्यांकडून घेतला. त्याआधी त्याच्याच बाजूच्या कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने जड तोफा याच डोंगरांतून ओढत किल्ल्याच्या उत्तरेला नेल्या होत्या. ते वाचून आठ किलोमीटरच्या चढाबद्दल तक्रार करणे मी बंद केले.

खाण्याविषयी थोडे. दीड तासाच्या वर पळायचे असेल तर तासाला तीस ते साठ ग्रॅम पिष्ट पोटात जावे; दोन केळ्यांत जवळजवळ पन्नास ग्रॅम मिळते, आणि परतवाड्यात केळी कोठेही मिळतात. पाण्यात ओआरएसची पुडी एक लिटरलाच घालावी, अर्ध्या लिटरला नाही. आदल्या रात्री ठेच्याचा मोह आवरावा. मी मोर्शीत आवरला नाही आणि कालव्यावर झाडे शोधत बसलो.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात पांदण विसरावी, कालव्याचा मुरूम बऱ्यापैकी टिकतो, आणि घाटात धुक्याने दहा हातांवरची गाडी दिसत नाही. मार्चअखेरीपासून उन्हे चढण्यापूर्वीच संपवावे. मोर्शी व चांदूर बाजार ही दोन्ही गावे अमरावती-नरखेड रेल्वेमार्गावर आहेत, परतवाड्याहून चिखलदऱ्याला एसटी जाते, आणि वर एमटीडीसीचे निवासस्थान आहे. गाडी नसलेल्यांनी घाट पळत चढावा आणि उतरायला एसटी धरावी. दारातली पायरी उंच असते, तेवढी मांडी शिल्लक ठेवावी.