समुद्र घसरला, खेकडे जमले

समुद्र पुन्हा घसरला, म्हणजे पार्टीसाठी करतोय ती थरांची जेली. वाळूचा थर ताटात जागच्या जागी आणि सुरी लागताच वरचं निळं पाणी अख्खंच्या अख्खं बाजूला. भाचीने टाळ्या पिटल्या, "मामा, त्सुनामी!" तिची मजा झाली, पण समुद्राच्या थाटातला वाढदिवस येत्या रविवारी आहे. वड्या अशाच सुटत राहिल्या तर एवढ्या पोरांपुढे ठेवायचं काय?

बेत असा आहे. खाली नारळाचं दूध आणि माडाच्या गुळाची वाळू, वाळूवर मानकुराद आंब्याचे तारामासे, त्यावर गोकर्णीच्या फुलांचं निळं पाणी. जिलेटिनचा विचार मी कधीच सोडला. ते ३५ अंशांच्या आसपास ढिलं पडतं. जूनमध्ये इथे गोव्यात, डिचोलीत वीज गेली की सगळं टेबलावर वाहणार. चायना ग्रास, म्हणजेच आगर, एकदा बसलं की ८५ अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय वितळत नाही. वर ते समुद्री शेवाळापासूनच बनतं, तेव्हा या पार्टीत त्याचा मान पहिला.

घोडं पेंड खात होतं ते थरांपाशी. आधी संशय गारव्यावर. आगर पुरतं बसलं की पाठ गुळगुळीत होते, थोडं पाणी सुटतं आणि नवा थर धरत नाही, हे आपल्यापैकी बहुतेकांनी अनुभवलंय. म्हणून ताट फ्रिजबाहेरच ठेवलं, काट्याने ओरखडे काढले, वरचं पाणी कढत ओतलं. कडेला धरलं, मध्ये नाही. काल रात्री बॅटरीच्या उजेडात ताट तिरकं धरलं तेव्हा वाळूवर बारीक, चमचमता तवंग दिसला. खोबरेल! जाड दूध गरम असतानाच ओतलं की बसेपर्यंत त्यातला स्निग्धांश वर येतो. तेलावर आगर चिकटणार कसं?

तेव्हा पहिलं दूध बाद. ते ताईच्या सोलकढीला गेलं. वाळूला आता दुसरं, पातळ दूध. अर्ध्या लिटरला साधारण ५ ग्रॅम आगराच्या पट्ट्या. त्या भिजवून थोड्या पाण्यातच पुरत्या विरघळवायच्या, मग दूध आणि गूळ. आणि लगेच ओतायचं नाही! पातेल्यातच ढवळत राहायचं, कडेला धरायला लागेपर्यंत. मग ताटात. बोट लावल्यावर वरचा भाग हलतो, पण बोटाला थोडा चिकटतो, त्याच वेळी निळं पाणी ओतायचं, गरमच, पळीच्या पाठीवरून हळू. उशीर केलात तर पुन्हा त्सुनामी. आज सकाळी एका वाटीत करून पाहिलं. उलटी केली, चार तुकडे केले, एकही थर सुटला नाही. भाची जरा हिरमुसलीच.

गूळ म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला. रंग इतका गडद की चमचाभर जास्त झाला तर वाळूऐवजी चिखल दिसतो; उरलेली गोडी साखरेने भागवा. ऑनलाइन मागवलेले सिलिकॉनचे मत्स्यसाचे मात्र कपाटात गेले, कितीदा धुतले तरी रबराचा वास जात नाही. आईचं जुनं स्टीलचं ताट झिंदाबाद.

खेकडे मात्र पहिल्या फटक्यात जमले. उंड्याला, म्हणजे गोव्याच्या गोल पावाला, मधोमध चीर असतेच, तेच तोंड! चीर थोडी वाढवून आत बटाट्याची सुकी भाजी, दोन्ही बाजूंना गाजराच्या नांग्या, डोळ्यांना चीजचे तुकडे आणि त्यावर काळा मनुका. टूथपिक नको, लहान पोरं आहेत. चीज थोड्या लोण्यावर बसतं. शेवेचे पाय लावायचं डोक्यात होतं, पण या दमट हवेत शेव अर्ध्या तासात मऊ पडते. पायही गाजराचेच.

हे लिहिता लिहिता एक सुचलं. गोकर्णीच्या पाण्यात लिंबू पडलं की निळा जातो, जांभळा येतो, म्हणून जेलीत मी लिंबाला हात लावू दिला नव्हता. (शिवाय आंबट घालून उकळलं तर आगर नीट धरत नाही.) पण सरबतात तो रंग पोरांनाच बदलू द्यावा की! प्रत्येकाला निळं साखरपाणी आणि हातात लिंबाची फोड. संध्याकाळचा समुद्र ज्याचा त्याने करावा. कोकम सरबत आता फक्त मोठ्यांना. जादूचा खेळ करायचं कबूल केलं होतं, तोही यातच उरकतो.

राहिला आंबा. मानकुराद संपत आलाय, रविवारपर्यंत बरा मिळाला नाही तर तारामासे अननसाचे. कच्च्या अननसाने जिलेटिन बसतच नाही, आगराला त्याचं काही नाही. ताज्या उंड्यांसाठी पोदेराला (पाववाल्याला) शनिवारीच सांगून ठेवतोय, शक्य तितके लहान दे म्हणून.