चौथा तक्ता

१४ ऑक्टोबर, मलावी, रात्री साडेनऊ. घरी एक वाजला असेल, म्हणजे आज फोन नाहीच.

आज मुलांच्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरनी ऑक्सिजन मशीनच्या देखभालीचा माझा तक्ता लावला. औषधांच्या कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूने, आधीच्या तक्त्यावरच. चारही कोपरे अंगठ्याने नीट दाबले, "झिकोमो क्वांबिरी" (खूप आभार) म्हणाल्या आणि सिरिंजा मोजायला लागल्या. वाचला नाही.

एवढंच झालं. दिवसभर तेच उगाळत बसलेय.

त्या जेवायला गेल्यावर मी कोपरा उचलून खालचा पाहिला. 'फिल्टर दर आठवड्याला धुवा.' त्याच्या खाली आणखी एक, पिवळा पडलेला. 'फिल्टर दर आठवड्याला धुवा.' त्याच्याही खाली एक, मशीनच्या चित्रासकट. म्हणजे माझा चौथा. अक्षर माझंच सगळ्यांत बरं आहे, हे आपलं मनाचं समाधान. दोन रविवार घातले त्यात.

त्रास हा की तक्त्यात चूक एकही नाही. करोनात आपल्याकडे घरोघरी आलेली ती चाकांची पेटी, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, तीच इथे आहे. खोलीतली हवा ओढायची, आतल्या झिओलाइटच्या दाण्यांनी नायट्रोजन धरून ठेवायचा आणि २१ टक्क्यांचा ऑक्सिजन ९३च्या आसपास नेऊन नळीत सोडायचा. हवा आत जाते तिथे तळहाताएवढा काळा स्पंज असतो. हा तो फिल्टर. मलावीत या महिन्यात पाऊस नाही, नुसती लाल धूळ. चार दिवसांत स्पंज विटेच्या रंगाचा होतो. मग कॉम्प्रेसरला दम लागतो, पेटी तापते, आणि फ्लोमीटरमधली (किती ऑक्सिजन जातोय ते दाखवणारी) गोळी जागेवर दिसली तरी शुद्धता घसरत जाते. ८२ टक्क्यांच्या खाली गेली की ते मशीन मुलांना लावायचं नाही. कोपऱ्यातलं तिसरं मशीन असंच गेलंय. आता त्यावर रजिस्टरं ठेवतात.

हे सगळं लिहिलंय मी. धुवायचं कसं तेही: कोमट पाणी, साधा साबण, पिळायचं नाही, टॉवेलात दाबायचं, सावलीत वाळवायचं. पेटी भिंतीपासून फूटभर लांब, वर चितेंजे (इथल्या बायका गुंडाळतात ते कापड) वाळत घालायचं नाही. (आया घालतात. मागून गरम हवा येते, लंगोट तासात वाळतो. मीही घातला असता.)

न राहवून दुपारी विचारलंच, सोमवारचा फिल्टर का धुतला नाही. सिस्टर चिडल्या नाहीत. मला हाताला धरून दोन्ही मशीनपाशी नेलं. मिनिटाला पाच-पाच लिटर देणारी दोन मशीन. एकावर स्प्लिटर लावून तीन मुलं, दुसऱ्यावर दोन. सगळ्यांत लहान अर्ध्या लिटरवर, बाकीची एक-दोन लिटरवर. त्यांनी एकेका गोळीवर बोट ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "यातलं कुठलं बंद करू?"

दर मशीनला स्पंज एकच. ओला बसवला तर ओल आत जाते, झिओलाइट पाणीच धरून बसतो आणि मशीन कायमचं बाद. बिनफिल्टरचं चालवलं तर धूळ थेट आतल्या फिल्टरवर. म्हणजे धुतला की वाळेपर्यंत मशीन बंद. या कोरड्या हवेत दोन-तीन तास, नोव्हेंबरात पाऊस लागला की अख्खा दिवस. ही ओळ चारही तक्त्यांत नाही.

मग म्हणाल्या, "पेपानी." इथे दुसरा ठेचकाळला तरी पेपानी म्हणतात. सॉरीसारखं, पण तुला लागलं ना, अशा अर्थाचं. ते जास्त झोंबलं.

आणि मी यांना शिकवायला निघाले होते! ऑक्सिजन ज्या पाण्याच्या बाटलीतून जातो तिचं झाकण नीट बसलेलं नसलं तर फ्लोमीटर एक लिटर दाखवतो आणि मुलाच्या नाकाशी काहीच पोचत नाही, म्हणून नळीचं टोक पेलाभर पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचे, हे मला दुसऱ्याच दिवशी यांनी दाखवलं होतं. वीज गेली की पहिलं कुणाला सिलिंडरवर घ्यायचं, हे त्यांच्या डोक्यात दर तासाला ठरलेलं असतं. वीज परत आल्यावर मशीन लगेच जोडत नाहीत, शुद्धता वर यायला काही मिनिटं जातात म्हणून. हे कुठल्या कपाटाच्या दारावर आहे?

आता थोडं हसू येतंय. चार जणं चार देशांतून आली, लॅमिनेशन करून गेली. स्पंज कुणीच आणला नाही. रुमालाच्या घडीत बसतो तो. मी २३ किलोच्या बॅगेत दोन किलो भाकरवडी आणि चिवडा आणलाय.

संध्याकाळी वाटलं, बाजारात गादीवाल्याकडून फोम कापून आणावा. पण नाही. दाट फोम धुळीसारखाच श्वास कोंडतो, विरळ असला तर धूळ आत सोडतो. त्याच मॉडेलचा हवा. दोन्ही पेट्यांच्या मागच्या पट्टीचा फोटो काढलाय आणि डिसेंबरात येणाऱ्या मुलीला लिहिलंय: दर मशीनला दोन जादा, म्हणजे चार फिल्टर. तक्ता आणू नकोस, जागा नाही.

पाठवून झाल्यावर वाटलं, तिलाही कोपरा उचलून माझा तक्ता दिसेलच. दिसू दे.

उद्या इथे मदर्स डेची सुट्टी. आईचं काय ते नंतर लिहीन.

आठच्या राउंडला दोन मुलांचा रक्तातला ऑक्सिजन मशीनशिवाय ९४ टक्क्यांवर टिकला. रात्रभर तसाच राहिला तर एक मशीन मोकळं होईल, मग सकाळी सहाला फिल्टर धुवून टाकते, असं सिस्टर नाइटवालीला सांगत होत्या. मला काही बोलल्या नाहीत. मी साडेपाचचा गजर लावून ठेवलाय.