पीकर पेटतो तेव्हाची पहिली वीस मिनिटं

गॅसवरच्या पीकर प्रकल्पाचं प्रदूषण किती, असं विचारलं की पूर्ण भारावरचा, म्हणजे प्रकल्प पूर्ण क्षमतेने वीज देत असतानाचा, आकडा सांगितला जातो. पण हा प्रकल्प उभा केलेलाच असतो मुळी चालू-बंद करण्यासाठी. विजेची मागणी चढली की पेटवायचा, उतरली की विझवायचा. म्हणून पाहायची ती पहिली वीस-तीस मिनिटं.

कार्बन डायऑक्साइडचा हिशेब सरळ आहे. १ गिगाज्यूल गॅस जाळला की साधारण ५६ किलो निघतो. पीकरचं टर्बाइन सहसा एकटंच चालतं, त्याच्या गरम धुरावर वाफ करून आणखी वीज काढणारं वाफेचं चक्र मागे नसतं. कार्यक्षमता ३६ टक्के धरली तर १ मेगावॅट-तासाला १० गिगाज्यूल गॅस लागतो, म्हणजे ५६० किलो. वाफेचं चक्र जोडलेला, ५७ टक्क्यांचा प्रकल्प तेवढ्याच विजेला ३५५ किलोच्या आसपास सोडतो.

नायट्रोजन ऑक्साइडचं गणित मात्र वेगळं. ज्योत १५०० अंश सेल्सिअसच्या वर गेली की हवेतलाच नायट्रोजन झपाट्याने जळू लागतो. म्हणून आधुनिक ज्वलनकक्षात गॅस आणि भरपूर हवा आधी मिसळतात, मग पेटवतात. ज्योत त्यामानाने थंड राहते. पण भार कमी असताना असं विरळ मिश्रण विझायला टेकतं. ते टिकवायला थोडा गॅस न मिसळता थेट ज्योतीत सोडावा लागतो. तिथे ज्योत तापते आणि नायट्रोजन ऑक्साइड वाढतो. बाकीचं मिश्रण अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइडही वाढतो. टर्बाइन निम्म्या भाराखाली रेंगाळत ठेवणं म्हणूनच वाईट.

हा नायट्रोजन ऑक्साइड काढायला पुढे धुराच्या वाटेवर अमोनिया फवारून उत्प्रेरकाच्या थरातून धूर नेतात. उत्प्रेरक साधारण ३०० अंशांच्या खाली नीट काम करत नाही, त्यामुळे थंड सुरुवातीला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. घाई करून अमोनिया आधीच सोडला तर तो तसाच चिमणीतून बाहेर पडतो. उलट पूर्ण भारावर धूर ५०० अंशांच्या पुढे जातो आणि नेहमीच्या उत्प्रेरकाला ते झेपत नाही. मग पंख्याने थंड हवा मिसळावी लागते. ती नीट मिसळली नाही की थराचा एक कोपरा भाजतो, दुसरा थंडच राहतो. अमोनियाचा एखादा नोझल तुंबला तरी असंच होतं: चिमणीवरचा सरासरी आकडा ठीक, आणि एका पट्ट्यातून धूर तसाच बाहेर.

मोजणीतही एक मेख आहे. धुरात हवा कमी-जास्त मिसळलेली असली तरी तुलना व्हावी म्हणून नायट्रोजन ऑक्साइडचं वाचन १५ टक्के ऑक्सिजनवर आणून सांगतात: मोजलेला आकडा गुणिले ५.९, भागिले (२०.९ वजा मोजलेला ऑक्सिजन). धुरात १७ टक्के ऑक्सिजन असेल तर १२ पीपीएमचे (दहा लाख भागांतले १२ भाग) १८ होतात. सुरुवातीला ऑक्सिजन २० टक्क्यांवर असतो, तेव्हा तेच १२ जवळपास ७९ दिसतात. तिथे पीपीएमवर भांडण्यात अर्थ नाही. दर सुरुवातीला किती किलो बाहेर पडलं ते लिहा, आणि वर्षात किती सुरुवाती झाल्या तेही. कडक उन्हाच्या दिवसांतल्या सुरुवाती वेगळ्या मोजा: तेव्हाच पीकर जास्त पेटतात आणि तेव्हाच नायट्रोजन ऑक्साइडपासून जमिनीलगत ओझोन तयार होतो.